मागच्या डब्याची हाल्बेरा

हाल्बेरा स्वस्थ पडलेली मी एकदाच पाहिली, आणि तेव्हा तिला भूल दिलेली होती. एरवी बाईच्या पायाला भिंगरी. मासळीच्या कारखान्यात आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं समोरासमोर उभं राहून कॉड कापला. मधली सुट्टी झाली की बाकीच्या बायका खुर्ची शोधायच्या, ही फडकं शोधायची. तिच्या घरी कॉफीला गेलं की कप खाली ठेवायची सोय नाही, ठेवला की धुतलाच. बोलायचं असेल तर तिच्या मागे मागे स्वयंपाकघर, कोठी, अंगण असं हिंडत बोलायचं. माझे गुडघे त्यातच गेले असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमच्या फियोर्डात, म्हणजे डोंगरांमधल्या या खाडीकाठी, लोकांना दोनच वेडं, गरम पाण्याचं कुंड आणि जीप. दर एप्रिलमध्ये जीपवाल्यांचा ताफा हिमनदीवर जातो. निघायच्या आधी महिनाभर सगळे बोलत असतात ते टायरमधल्या हवेबद्दल, वाऱ्याबद्दल, रस्सा कुणी आणायचा याबद्दल. एवढी माणसं तीन दिवस उघड्यावर असणार, तर 'जायचं कुठे' हे मात्र कुणी बोलत नाही. झाडाआड म्हणाल तर आमच्या देशात झाड कमरेएवढं. दगडाआड म्हणाल तर हिमनदीवर दगडच नाही.

हाल्बेराच्या आधी जो तो आपापलं बघायचा. मग एका वर्षी डोंगरातल्या निवाऱ्यात कुणीतरी हात न धुता रस्सा ढवळला आणि सगळा ताफा एकदम आजारी पडला. बाहेर वादळ, आणि संडास एकच, तोही अंगणापलीकडे. पुढचं वर्णन मी करत नाही, कुणी जेवताना वाचत असेल. सकाळी हाल्बेरा पांढऱ्याफटक चेहऱ्याने उठली आणि म्हणाली, "कारखान्यात मेलेल्या माशाला हात लावायच्या आधी तीनदा हात धुता. इथे जित्या माणसांना वाढताना काय होतं रे तुम्हाला?" त्या दिवसापासून ते खातं तिचं झालं.

तिने आपल्या जीपच्या मागे, बाहेरच्या बाजूला, एक लाकडी डबा बसवून घेतला. बसायला झाकण, आत जाड पिशवी, वरून टाकायला भुसा. बाजूला फावडं, कागद, साबण, आणि चार काठ्यांचा एक अरुंद तंबू. उन्हाळ्यात डोंगरातल्या उजाड रेताड रस्त्यांवर गेलो तर ओढ्यापासून लांब जायचं, वीतभर खणायचं, बुजवायचं, आणि कागद बरोबर परत आणायचा. बर्फावर तर काहीच सोडायचं नाही. "बर्फ पचवत नाही," ती नव्या माणसाला सांगायची. "आणखी काही वर्षांनी ते जसंच्या तसं वर येईल, आणि कुणाचं ते मी ओळखीन." हात धुतल्याशिवाय भाकरीच्या पिशवीला कुणी शिवायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे मागच्या डब्यातली वस्तू गाडीत येणार नाही, कितीही वारा असो.

आमच्या गेस्टुरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिचं नाव संडासमंत्रीण ठेवलं. त्याच्या तोंडाला कुलूप नाही, आणि किल्ली माझ्याकडे असेल अशी लोकांची समजूत आहे. हाल्बेराला नावाचं काही वाटलं नाही. उलट ताफा थांबला की ती स्वतःच वायरलेसवर सांगायची, "मंत्रालय उघडलंय, एकेक करून या."

एक गोष्ट मात्र तिच्याही आधीपासून चालत आलेली आहे. हिमनदीवर गाडीतून उतरलं की चाकोरीतच पाय टाकायचा. चाकं जिथून गेली तिथे बर्फाने वजन पेललंय, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. हातभर बाजूला भेग असेल, वर बर्फाचा पापुद्रा असेल, कुणी सांगावं. म्हणून लाज वाटली तरी बाजूला जायचं नाही. पुरुष पहिल्या दोन गाड्यांच्या मध्ये, बायका शेवटच्या गाडीच्या मागे, आणि गाडीत बसलेल्यांनी आरशात बघायचं नाही. आमच्याकडे पोरांना हे बाराखडीआधी शिकवतात.

तर ही बाई गेल्या शरदात कुंडावर यायची बंद झाली.

आमच्याकडे संध्याकाळी कुंडात बसणं म्हणजे गावाची पंचायत. पाण्यात उतरायच्या आधी सगळ्या बायका एका खोलीत, अंगावर चिंधी न ठेवता, साबण लावून अंघोळ करतात. लहानपणापासून सगळ्यांनी सगळ्यांना पाहिलेलं. त्यात लपवायचं काय. हाल्बेराचं ऑपरेशन झालं हे गावाला माहीत होतं, आतड्यातली गाठ काढली हेही माहीत होतं. पण जखम भरली, ती कामाला येऊ लागली, तरी कुंडावर यायची नाही. आज सर्दी, उद्या पाहुणे. लोक मला विचारायला लागले. मी एका दुपारी तिच्या घरी गेले आणि दार लावून घेतलं.

"बस खाली," मी म्हटलं. "आज मी तुझ्या मागे हिंडणार नाही."

ती बसली नाही. खिडकीशी गेली, टेबलाशी आली, परत खिडकीशी गेली. मग मला पाठमोरी उभी राहून म्हणाली, "पोटाला भोक पाडलंय सिग्नी. डाव्या बाजूला. आतडं तिथे आणून सोडलंय, आणि वर पिशवी. कायमची."

  आयुष्यभर जिने जगाची घाण निस्तरली त्या बाईच्या पोटावरच देवाने पिशवी बांधावी, हा कसला न्याय, असं मनात आलं आणि मला चीडच आली.

"मला किळस येते," ती म्हणाली. "दुसऱ्यांची कधी आली नाही. माझी येते."

मग तिने मला सगळं दाखवलं. कातडीला चिकटणारी एक चकती, तिच्यावर बसणारी पिशवी. पिशवी रिकामी करायची, आणि चकती दोन-तीन दिवसांनी बदलायची. नर्सने सांगितलं होतं की आधीसारखं सगळं करता येतं. हाल्बेरा म्हणाली, "नर्स कधी हिमनदीवर गेली होती का." आणि मग मुद्द्यावर आली. "एप्रिलची सहल मी करणार. जमली तर जमली. नाही जमली तर जीप विकून टाकते आणि घरात बसते. मधलं मला काही नको. आणि हे तुझ्या-माझ्यात. तुझ्या नवऱ्याच्या कानावर गेलं तर तुझं तोंड बघणार नाही."

हाल्बेरा घरात बसली तर सहा महिन्यांत मरेल, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. मी शब्द दिला.

आता नशीब बघा. निघायच्या आदल्या दिवशी गेस्टुरने आपल्या जीपचा पुढचा आस मोडून ठेवला. दुसऱ्या कुणाच्या गाडीत जागा नव्हती. म्हणजे हाल्बेराच्या गाडीत पुढे ती आणि मी, आणि मागे ब्लँकेटं, पेट्रोलचे डबे आणि आमचं ध्यान. मी तिच्याकडे पाहिलं. ती नुसती म्हणाली, "येऊ दे. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल."

पाच गाड्या, आमची तिसरी. पुढारी आर्नकेल, दरवर्षीप्रमाणे. हा एरवी मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. यंदा अंगावर स्वेटर लोंबत होतं आणि हा सगळ्यांवर खेकसत होता. बायको सोडून गेल्यावर पुरुषांचं असं होतं, असं आम्ही धरून चाललो. निघताना त्याने एवढंच सांगितलं की यंदा वरपर्यंत जायचंच, परत फिरायचं नाव कुणी काढायचं नाही.

पहिला दिवस निभावला. हाल्बेराने कॉफी प्यायली नाही, कोरडी भाकरी चघळत राहिली. गेस्टुर मागून म्हणाला, "मंत्रीणबाईंचा उपास दिसतो. खात्यात काटकसर?" तिने नुसता गिअर बदलला. पण तिचा हात सारखा स्वेटरच्या डाव्या बाजूला जायचा, चाचपायचा, परत स्टिअरिंगवर यायचा. दर थांब्याला ती आधी सगळ्यांना सोडायची आणि शेवटी स्वतः तंबूत जायची. परत आली की हात धुवायची, पुन्हा धुवायची. माझी तिच्याकडे बघून बघून मान दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फावर चढलो. ऊन होतं, वरचा थर भुसभुशीत झाला होता, आणि आमची गाडी एका खळग्यात अडकली. मी म्हटलं गेस्टुर काढेल, तू बस. पण बसली तर हाल्बेरा कसली. फावडं घेऊन उतरली आणि घाम निघेपर्यंत बर्फ उपसला. गाडी निघाली. घामाने आतली चकती सुटायला लागली होती, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

तासाभरात वारा फिरला आणि पांढरा अंधार आला. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये आपण. पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना. आर्नकेलचा आवाज वायरलेसवर आला, "थांबा सगळे. पुढे भेगांचा भाग आहे. उघडेपर्यंत कुणी हलायचं नाही." थांबलो. इंजिनं चालू ठेवून, गाडी हलवत असलेल्या वाऱ्यात, थांबून राहिलो.

थोड्या वेळाने गाडीत वास आला.

मला कळलं. हाल्बेराला आधीच कळलं होतं, तिचा हात पोटावर घट्ट दाबलेला होता. आणि आमचं ध्यान मागून म्हणतं, "वाळवलेला मासा कुणी उघडला बायांनो? हा तर आजोबाच्या वेळचा दिसतो."

हाल्बेराचा चेहरा मी विसरणार नाही. तिने दार उघडलं आणि बाहेर पडली.

मी जॅकेट ओढत मागे धावले. तिने मागच्या डब्यातून आपली छोटी थैली काढली, तंबूच्या काठ्या बगलेत मारल्या आणि उभी राहिली. आमच्या मागे अगदी चिकटून चौथी गाडी, तिचे दिवे थेट आमच्यावर. बायकांची जागा पाचव्या गाडीच्याही मागे. तिथवर पोट धरून, या वाऱ्यात, दोन गाड्यांमधल्या माणसांसमोरून जायचं. ती क्षणभर त्या दिव्यांकडे बघत राहिली. मग वळली आणि उजवीकडे चालायला लागली. चाकोरी सोडून. सरळ त्या पांढऱ्यात.

जिने गावातल्या निम्म्या पोरांचे कान या एका गोष्टीसाठी पिळले होते, ती हाल्बेरा चाकोरी सोडून चालली होती.

मी तिच्या जॅकेटची टोपी धरली आणि मागे खेचलं. दोघीही बसकण मारून पडलो. पुढे भेग होती की नव्हती, देव जाणे. मला बघायची छाती झाली नाही.

"सोड मला," ती म्हणाली.

"नाही सोडत."

"त्यांच्या दिव्यात मी कपडे वर करू?"

"कर. मेलीस तर काय झाकणार आहेस?"

ती रडत नव्हती. संतापली होती. मी तिला उठवलं, आमच्याच चाकोरीत, गाडीच्या पाठीला चिकटून तंबू उभा केला, आणि बाहेर दिव्यांच्या बाजूला अंग आडवं लावून उभी राहिले. चौथ्या गाडीतल्यांनी माना खाली घातल्या असणार. घातल्याच असतील. आमची माणसं दुसऱ्या कशात नसली तरी त्यात बरी आहेत.

आतून काही ऐकू येईना. मग तिने तंबूचं पाखं उचललं. स्वेटर वर गुंडाळलेलं, पोट उघडं, पुसून लालबुंद झालेलं. हातात नवी चकती. तिने ती माझ्यासमोर वाकवून दाखवली. वाकली नाही. कडक बिस्किटासारखी झाली होती.

"चिकटत नाही," ती म्हणाली. "गोठली सगळी. सगळ्याच गोठल्या."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने आपलं सामान मागच्या डब्यात ठेवलं होतं. बाहेर, लोखंडाला लागून, दोन दिवस थंडीत. कारण नियम तिचा होता, घाणीची वस्तू गाडीत येणार नाही, आणि स्वतःला तिने त्या वस्तूंत धरलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यावरच ओरडले. "अक्कल गहाण ठेवलीस का गं? ही औषधं आहेत, औषधं उबेत ठेवतात."

"संपलं सिग्नी," ती म्हणाली. "मला खाली ने. जीप विकली."

मी तिच्या पोटावर स्वच्छ टॉवेल बांधला, हातात हात धरून तिला गाडीत आणलं, दार लावलं, आणि दिलेला शब्द मोडला. गेस्टुरला सगळं सांगितलं. चार वाक्यांत. भोक, पिशवी, चकती, गोठली. हाल्बेरा समोरच्या काचेकडे बघत होती.

आता हा माणूस काहीतरी बोलणार आणि मी याला आयुष्यातून उठवणार, अशी तयारी करून मी बसले होते. तो बोलला नाही. मागून त्याचा पंजा पुढे आला. "दे ती इकडे." त्याने स्वेटरची बटणं सोडली, चकती कागदासकट काखेत घातली आणि हात घट्ट मिटला. आमचा गेस्टुर उष्ण प्रकृतीचा आहे. हिवाळ्यात त्याच्या शेजारी झोपलं की शेगडी लागत नाही, हा त्याचा एकमेव उपयोग असं मी आजवर म्हणत आले. मग त्याने लोकरी टोपी डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत ओढली आणि आतून म्हणाला, "मला काही दिसत नाही. तुमचं चालू द्या."

थर्मासमध्ये कॉफीसाठी ठेवलेलं गरम पाणी होतं. मी फडकं भिजवून दिलं, ती पुसत होती. आणि नेमका वायरलेस बोलला.

"उघडलंय," आर्नकेल म्हणाला. "थोडंच उघडलंय. निघा लगेच, बंद व्हायच्या आत भेगा पार करायच्यात. तीन नंबर, ऐकताय ना? उत्तर का नाही?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. गेस्टुरने टोपी न काढताच मोकळा हात पुढे केला, चाचपडत माइक पकडला. "तीन नंबर. थांबा जरा. माझं पोट बिघडलंय."

बाकीच्या चारही गाड्यांत हशा पिकलेला आम्हाला काचेतूनही ऐकू आल्यासारखं वाटलं. मागच्या गाडीतून कुणीतरी म्हणालं, "मंत्रीणबाईंची परवानगी काढलीस का?" दुसरा म्हणाला, "डब्याला मोठं झाकण करून घ्या आता." गेस्टुर टोपीआड हसत राहिला. ज्या माणसाने उभ्या जन्मात लोकांच्या फिरक्या घेतल्या त्याने स्वतःवर हे ओढून घेतलं. उरलेलं आयुष्य गाव त्याला सोडणार नाही, हे त्यालाही माहीत होतं.

हाल्बेराने त्याच्या हातातून माइक काढून घेतला. मी म्हटलं, राहू दे ना. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने ऐकलं नाही.

"गेस्टुर खोटं बोलतोय," ती म्हणाली. "त्याचं पोट ठणठणीत आहे. माझं आहे. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या पोटावर पिशवी आहे, शौचाची. ती सुटलीय. बदलतेय. दुसऱ्याच्या पोटामागे मी लपणार नाही."

बटण सोडलं. त्यानंतर वायरलेसवर नुसती खरखर. एक हसू नाही, एक खोकला नाही. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी बोला रे, शिवी तरी द्या. 

बऱ्याच वेळाने आर्नकेलचा आवाज आला. वेगळाच आला, हळू. "किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"तेवढ्यात परत बंद होईल."

"होईल."

"बरं," तो म्हणाला. "थांबतो. सगळे थांबतील."

काखेतून निघालेली चकती मऊसूत होती आणि पहिल्या झटक्यात बसली. गेस्टुर टोपीतून म्हणाला, "घामाचे पैसे नाही लावत." हाल्बेराने स्वेटर खाली ओढलं. आणि वातावरण बंद झालं ते झालंच. दुपार उलटून गेली तरी उघडेना. तिच्यामुळे पाच गाड्या त्या पांढऱ्यात बसून राहिल्या, आणि एकानेही वायरलेसवर ब्र काढला नाही. हाल्बेराच्या जिवाची नुसती घालमेल. खिडकी खाली कर, वर कर, हातमोजे काढ, घाल. उघडलं तेव्हा तिनेच गाडी हाकली, भेगांच्या मधून, आर्नकेलच्या चाकोरीवर चाक न चुकवता.

निवाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. आणि तिथे खरा त्रास सुरू झाला. लोक गोड झाले. एकाने तिची पिशवी उचलली. एकीने शेगडीजवळचा बाक तिच्यासाठी रिकामा केला आणि वर उशी ठेवली. 'तुला काय झेपेल ते खा हं,' असं तिला म्हटलं, त्या हाल्बेराला, जिच्या एका हाकेला हे सगळे ओळीने हात धुवायला उभे राहायचे. आज कुणाला तिने हात धुवायला सांगितलं तर तो 'हो हो' म्हणून असा धावायचा, जणू आजाऱ्याचा हट्ट पुरवतोय.

तिने रस्सा अर्धा टाकला आणि बाहेर आली. मी मागे. गाडीच्या पाठीशी ती डब्यातली पिशवी बांधत होती, गाठीवर गाठ मारत.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मेलेल्याच्या घरी बोलतात तसं बोलतायत. सहल जमली, पण हे नाही जमणार मला. खाली उतरल्यावर जीप विकते."

"चार दिवसांत विसरतील."

"मला कळतंय ना, माझ्याकडे बघताना ते पोटाकडे बघतात."

मी तोंड उघडणार इतक्यात निवाऱ्याचं दार वाजलं. आर्नकेल येत होता. डोक्यावर टोपी नाही, हात खिशात. आमच्याजवळ येऊन उभा राहिला आणि आमच्या टायरकडे बघायला लागला.

"हवा बरोबर आहे," हाल्बेरा म्हणाली. "दुसरं काही असेल तर बोल. आणि मऊ मऊ बोललास तर हे फावडं घालीन डोक्यात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सिग्नी राहील."

तो टायरला बुटाने ठोकत राहिला. मग म्हणाला, "दुखतं का?"

"काय?"

"ते. पोटावरचं."

"नाही. खाजतं."

"झोपेत?"

"डाव्या कुशीवर नाही झोपत. तुला कशाला पाहिजे?"

वारा पडला होता. आत कुणीतरी भांडी घासत होतं. आर्नकेल खाली बघूनच बोलला. "मलाही डॉक्टरांनी हेच सांगितलंय करायला. नाताळच्या आधी. दोनदा तारीख दिली त्यांनी, दोनदा मी फोन करून सांगितलं की जमत नाही. म्हटलं, असं बांधून घेऊन जगायचं त्यापेक्षा एकदा वर जाऊन येऊ, आणि मग जे व्हायचं ते होऊ दे."

 त्याच्या अंगावर लोंबणारं ते स्वेटर दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी बायको सोडून गेली म्हणून बसले होते. मला वाटलं आता हाल्बेरा त्याला फाडून खाणार. तिची जीभ तशीच आहे. तिने हातमोजे काढले, जॅकेट उघडलं, आणि त्या थंडीत स्वेटर वर केलं.

"बघ," ती म्हणाली.

त्याने आधी मान फिरवली. मग पाहिलं. बराच वेळ पाहिलं, उघडलेल्या इंजिनात बघतात तसं, कुठून कुठे काय जातंय ते.

"एवढंच?"

"एवढंच. गाढवा, एवढ्यासाठी मरायला निघालास?"

त्याने मनगटाने नाक पुसलं.  हाल्बेराने स्वेटर खाली केलं नव्हतं. आणि मग त्या माणसाने, जो त्या हिमनदीवर आमच्या सगळ्यांच्या पुढे गाडी हाकत आला होता, अगदी हळू विचारलं, "गाडी चालवताना पट्टा कुठे येतो गं?"

हाल्बेराने जीपचं दार उघडलं. स्टिअरिंगमागच्या आपल्या त्या जागेवर तिने आजवर कुणाला बसू दिलं नव्हतं, गेस्टुरला नाही, मला नाही. "बस," ती म्हणाली. तो चढून बसला. तिने पट्टा ओढून त्याच्या मांडीवरून घेतला, हाताने दाबून कंबरेच्या हाडाखाली बसवला आणि वर, ती स्वतः वापरायची तो, फोमचा एक तुकडा खोचला.

"इथे. भोकावर नाही, त्याच्याखाली. कळलं?"

आर्नकेलने पट्टा सोडला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत म्हणाला, "परत दाखव."